निथळलेली राख

डोंगरातल्या सोल्गोल गावच्या बायकांना फादरची भीती वाटत नसे, फादरच्या प्रश्नांची वाटे. वर्षातून दोनदा, ईस्टरच्या आधी आणि नाताळच्या आधी, फादर शहरातून डोंगर चढून यायचे आणि पापकबुली ऐकायला बसण्यापूर्वी प्रत्येकाची तोंडी परीक्षा घ्यायचे. उत्तर आलं नाही तर पडद्याआड जायला मिळत नसे. त्यामुळे त्या आठवड्यात सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा कोबी धुताना प्रश्नोत्तरं पुटपुटत असत, आणि सगळ्यांकडून ती घोकून घ्यायची कोलुंबा.

प्रार्थनाघर म्हणजे एक लांबट मातीची खोली. जमीन खालून तापवलेली, म्हणून सगळे चटयांवर दाटीवाटीने बसलेले, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे.

"आगाथा, तुम्ही सांगा," फादर यू म्हणाले. सर्दीने त्यांचं नाक लाल झालं होतं. "पापकबुलीत एखादं मोठं पाप जाणूनबुजून लपवलं तर काय होतं?"

आगाथाची जीभ एरवी गावभर फिरायची, इथे मात्र ती टाळूला चिकटली. तिने शेजारी बसलेल्या कोलुंबाला कोपराने ढोसलं.

"ती कबुली फुकट जाते," कोलुंबा ओठ न हलवता म्हणाली.

"ती कबुली फुकट जाते!" आगाथा ओरडली.

"आणि?"

"आणि आधीच्या पापावर आणखी एक पाप चढतं."

"आणि तसंच मिस्सेत पुढे जाऊन कम्युनियनची भाकर घेतली तर?"

या वेळी शेजारून काही आलं नाही. आगाथाने दोनदा ढोसून पाहिलं आणि शेवटी तिला स्वतःलाच आठवलं. "तर तो ख्रिस्ताच्या शरीराचा अपमान! ते पाप त्याहून मोठं."

"शाबास. कुणी शिकवलं?"

"कोलुंबाताईंनी!" सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

कोलुंबाने मान खाली घातली. लोकांना वाटलं, काय हा विनय. विनय कसला, खाई त्याला खवखवे. अठरा वर्षं ती हे उत्तर गावाकडून पाठ करून घेत होती आणि अठरा वर्षं ते तिच्या एकटीच्याच अंगाला लागत होतं.

झालं होतं ते असं. जपानी देश सोडून गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी, कित्येक वर्षांनी गावात उघडपणे, घंटा वाजवून मिस्सा, म्हणजे सगळ्यांची मिळून उपासना, होणार होती. सोल्गोलचे लोक पिढीजात कुंभार. त्यांचे पणजोबा धर्मासाठी राजाच्या शिपायांपासून पळून या डोंगरात लपले, आणि डोंगरात राहून पोट भरायचं तर मातीशिवाय दुसरं होतं काय? तेव्हापासून उतारावरची ती लांबलचक भट्टी सगळ्या घरांची मिळून एकच. माती पुरुष आणत, रांजण पुरुष घडवत. रांजणांवरच्या चकचकीत झिलईसाठी लागणारी लाकडाची राख चाळायचं काम बायकांचं, आणि त्या वर्षी ते कोलुंबाकडे होतं.

तेव्हा ती तरुण होती, आणि तिला आपल्या घरच्या कपड्यांचा फार तोरा. घंटा वाजवून होणाऱ्या पहिल्या मिस्सेला आपल्या नवऱ्याचा अंगरखा गावात सगळ्यांत पांढरा दिसला पाहिजे, असं तिने मनाशी घेतलं. कपडे धुवायचे राखेच्या पाण्याने, आणि घरची राख तर संपलेली. भट्टीच्या छपराखाली मात्र झिलईची राख पोत्यांनी पडलेली. तिने ती बुडाला भोकं असलेल्या मडक्यात घातली, वरून पाणी ओतलं, खाली निथळून आलेल्या खाऱ्या पाण्यात कपडे बुडवले, आणि उरलेली राख चटईवर वाळवून पुन्हा पोत्यांत भरून ठेवली. दिसायला तशीच करडी, तशीच मऊ. राख ती राख, असं तिला वाटलं. झिलई वितळते ती राखेतल्या खारामुळे, आणि तो खार तर नवऱ्याच्या अंगरख्यात गेला होता.

अंगरखा खरंच फार पांढरा निघाला. सगळ्यांनी वाखाणला.

भट्टी उघडली तेव्हा एकाही रांजणावर चकाकी नव्हती. खरखरीत, मळकट, पाणी भरलं तर पाझरणारे. गावाचा हिवाळ्याचा तांदूळ त्या रांजणांच्या बदल्यात येणार होता. कोलुंबाने एका रांजणावरून बोट फिरवलं आणि तिला त्याच क्षणी कळलं. तिने तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "जाळ कमी पडला! जाळावर कोण होतं?"

जाळावर पिल्सू होता. ओक पिल्सू, गावातला सगळ्यांत नेमका हात. ज्वाळेचा रंग बघून तो आतल्या रांजणाची अवस्था सांगायचा. पण त्या भट्टीच्या वेळी त्याने भाताच्या दारूचा एक वाडगा घेतला होता, आणि तो सगळ्यांनी पाहिला होता. पिल्सूचा स्वभाव असा की भांडायचं सोडून तो स्वतःच म्हणाला, "डोळा लागला असेल माझा. आठवत नाही, पण लागलाच असणार."

कोलुंबाने उघडलेलं तोंड मिटलं. उद्या सांगू, असं म्हणाली मनाशी. दुसऱ्या दिवशी वडीलधाऱ्यांनी पिल्सूकडचा जाळाचा मान काढून घेतला आणि दिला कुणाला, तर तिच्याच नवऱ्याला, योहानला. मग सांगायचं कुणाला आणि कसं? योहान त्या जागेवर ताठ मानेने बसला. पुढे तो युद्धाच्या वर्षी तापाने गेला आणि मुलगा बार्नाबा त्या जागेवर बसला. पिल्सू राहिला पाठीवर माती वाहत. पोरंसोरं त्याला 'गार चूल' म्हणून चिडवायची, आणि तो हसायचा. दारूला त्याने पुन्हा शिवलं नाही.

कोलुंबा दर वेळी पडद्याआड जायची. सुनेवर ओरडले, उपासाच्या दिवशी खारवलेली मासळी खाल्ली, आगाथाचा हेवा केला, असलं शितासारखं वेचून वेचून सांगायची. हंडा तसाच झाकलेला. मग मिस्सेला सगळ्यांसोबत पुढे जाऊन जीभ पुढे करायची, आणि ती पातळ भाकर तिच्या घशात राखेसारखी अडकायची. गाव म्हणायचं, बघा, कम्युनियन घेताना कशी रडते, देवमाणूस आहे. राजाच्या शिपायांनी मान तोडली तरी ज्यांनी खोटं उच्चारलं नाही त्यांच्या घराण्यात ती सून म्हणून आली होती. आपली मान आपल्याला फार जड झाली आहे, असं तिला वाटायचं.

दर वेळी कबुलीला पहिली ती जायची आणि लगेच फादरच्या जेवणाच्या तयारीला लागायची. या नाताळात सून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही बसा निवांत, मी बघते सगळं." कोलुंबा निवांत बसली, आणि रांगेत तिच्या पुढे पिल्सू आला.

पिल्सूचे कान अलीकडे पार गेले होते. बहिरा माणूस स्वतःही ओरडूनच बोलतो. तो पडद्याआड गेला की बाहेरच्यांनी जपमाळ मोठ्याने म्हणायची, म्हणजे आतलं कानावर पडायला नको, अशी गावाची रीत पडून गेली होती.

"पिल्सू गेला गं आत," आगाथा म्हणाली. "चला, गळे काढा."

सगळ्यांनी गळे काढले. पण कोलुंबा पडद्याला टेकूनच बसली होती.

"फादर, ती भट्टी!" आतून आवाज आला. "गावाची भट्टी मी घालवली!"

फादर काहीतरी हळू बोलले.

"आँ? हो, मागं पण सांगितलं. ईस्टरला पण सांगितलं. माफ झालंय म्हणता? मग अजून टोचतं का हो, फादर? त्या हिवाळ्यात पोरं उपाशी झोपली गावची. माझ्या एका वाडग्यापायी. मी रोज देवाला म्हणतो, बाबा, माझ्या पदरात घाल, पण पोरांच्या वाट्याला पुन्हा असलं देऊ नको."

कोलुंबाच्या बोटांतली माळ थांबली. पिल्सूची जागा आपण घेतली, त्याचं नाव घालवलं, हे तिला ठाऊक होतं. पण हा माणूस वर्षातून दोनदा आपलं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन देवापुढे रडतो आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला इतकी लाज वाटली की उठून डोंगराच्या पलीकडे निघून जावं.

पिल्सू डोळे पुसत बाहेर आला. "जा, वहिनी," तो म्हणाला. "फादर गरीब आहेत. सगळं ऐकून घेतात."

ती आत जाऊन गुडघ्यांवर बसली. सवयीने सुरुवात केली, "सुनेवर ओरडले. आगाथाचा हेवा केला." मग थांबली.

"आणखी?" फादर म्हणाले, आणि शिंकले.

"आणखी," कोलुंबा म्हणाली आणि तिला दुसरा शब्दच फुटेना. फादरने घाई केली नाही. बाहेर जपमाळेची एक फेरी संपून दुसरी सुरू झाली. मग तिने सांगायला सुरुवात केली ती अंगरख्यापासून. मडकं, पाणी, चटई, रांजणावरून फिरवलेलं बोट, उघडलेलं तोंड आणि मिटलेलं तोंड. दर वर्षी घेतलेली ती भाकरसुद्धा. सांगता सांगता ती पुढे वाकत गेली आणि तिचं कपाळ जमिनीला लागलं.

"किती वर्षं हे घेऊन चढ-उतार केलात तुम्ही," फादर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते तिला रागापेक्षा जास्त लागलं.

"देव माफ करील मला?"

"देव तर तुमच्या तोंडाकडे बघत बसला होता, कधी उघडतंय म्हणून. पण त्या माणसाचं जे नेलंत ते त्याला परत द्यावं लागेल. मी त्याला सांगू शकत नाही. इथे ऐकलेलं माझ्याबरोबर मातीत जायचं. तुम्हालाच सांगावं लागेल."

"एकांतात सांगितलं तर चालेल ना, फादर? माझा मुलगा त्या जागेवर बसतो. त्याचं काय होईल?"

"एकांतात सांगा. मग पुढचं पुढे बघू. सांगाल ना?"

कोलुंबाला 'हो' म्हणायला आख्ख्या आयुष्यापेक्षा जास्त वेळ लागला असं वाटलं, पण ती म्हणाली. फादरने हात वर करून क्षमेचे शब्द उच्चारले. ते लॅटिन शब्द तिने जन्मभर ऐकले होते आणि त्यांचा अर्थ गावाकडून पाठ करून घेतला होता. आज ते पहिल्यांदा आपल्याला उद्देशून म्हटले आहेत, असं तिला वाटलं.

बाहेर अंगणात हिवाळ्याचं ऊन पडलं होतं. बायका तांदूळ धूत होत्या, बार्नाबा लाकडं फोडत होता, आणि पिल्सू भिंतीशी बसून गवताची दोरी वळत होता. कोलुंबा त्याच्यापाशी जाऊन बसली.

"भावजी, जरा मागच्या बाजूला येता? बोलायचंय."

"आँ?"

"मागच्या बाजूला. बोलायचंय."

"अगं, आत्ताच टेकलोय. गुडघे बोंब मारतात. इथंच बोल की."

तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "ती भट्टी, भावजी. त्यात तुमची चूक नव्हती."

"ऐकू येत नाही, वहिनी! मोठ्यानं!"

"ताई, त्याच्याशी कुजबुजून काय होणार?" आगाथा विहिरीजवळून हसत म्हणाली. "तोफ उडवली तर म्हणेल, कोण खोकलं."

कोलुंबाने अंगणभर पाहिलं. तिच्याकडून प्रश्नोत्तरं शिकलेल्या सगळ्या बायका होत्या. मुलगा होता. एकांतात सांगेन असं ती म्हणाली होती, आणि बहिऱ्या माणसाशी एकांत कुठून आणायचा? उद्या त्याला भट्टीपलीकडे घेऊन जाऊ, तिथे सांगू, असा विचार तिच्या मनात आला. उद्या. हाच शब्द तिने तेव्हाही वापरला होता, हे तिला आठवलं आणि ती उभी राहिली.

"राख मी बिघडवली होती!" ती ओरडली. "जपानी गेल्यानंतरची भट्टी! झिलईच्या राखेचं पाणी मी कपडे धुवायला काढलं आणि तीच राख वाळवून परत ठेवली! तुमचा जाळ बरोबर होता! मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसले!"

कुऱ्हाडीचा आवाज थांबला. तांदळाचं पाणी कुणाच्या तरी हातातून सांडत राहिलं.

पिल्सू तिच्याकडे बघत होता. "परत सांग," तो म्हणाला.

तिने परत सांगितलं. आवाज फाटला, तरी सगळं सांगितलं.

"आणखी एकदा."

"अरे, पहिल्याच वेळी ऐकलंस की तू," आगाथा म्हणाली. तिचं हसू मावळलं होतं. "तोंडावर दिसतंय तुझ्या."

"मी ऐकलं," पिल्सू म्हणाला. "यांना ऐकू दे."

कोलुंबाने तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी पिल्सू तिच्याकडे बघत नव्हता. तो एकेका माणसाच्या तोंडाकडे बघत होता, ज्यांनी त्याला नावं ठेवली त्यांच्याकडे, ज्यांच्या पोरांनी चिडवलं त्यांच्याकडे. "माझा जाळ बरोबर होता," तो म्हणाला. मग हाताचा आधार घेऊन उठला. "वहिनी, मी आज तुझ्याशी बोलणार नाही. मला जमणार नाही." आणि तो पाइनच्या झाडांमधून खाली आपल्या घराकडे निघून गेला.

बार्नाबा आईजवळ आला. "बाबांना ठाऊक होतं?"

"नाही रे. देवाशपथ नाही."

"मला आधी सांगायचं होतंस, आई. सगळ्यांच्या आधी मला."

"आधी भावजींचं देणं होतं ते," कोलुंबा म्हणाली. बार्नाबा कुऱ्हाड खांद्यावर टाकून गेला.

मिस्सा सुरू झाली तेव्हा कोलुंबाच्या दोन्ही बाजूंना कुणी बसलं नाही. गाव काही देवदूतांचं नव्हतं, आणि तो उपाशी हिवाळा अजून लोकांच्या पोटात होता. तिने ते मुकाट्याने सोसलं. सोसताना तिला एक नवल वाटत होतं. तिच्याकडे आता लपवायला काहीच नव्हतं. लोक बघत होते आणि जे बघत होते ते खरं होतं. कम्युनियनची वेळ आली तशी ती उठली, पण रांग पाहून पाय अडखळले.

मागून आगाथाने ढोसलं. "सरका पुढं, ताई. तुम्हीच अडून बसलात तर आम्ही कुठं जायचं? माझी पापं काय कमी आहेत?" मग जरा थांबून ती पुटपुटली, "राखेचं पाणी काढायची बुद्धी मलाही झाली असती. कपडे फार मळायचे तेव्हा."

त्या दिवशी ती भाकर घशात अडकली नाही. ती विरघळली, आणि कोलुंबाला रडू आलं नाही, उलट भूक लागली. मिस्सेनंतर तिने दोन वाडगे भात खाल्ला.

पुढचे दिवस मात्र सोपे गेले नाहीत. बार्नाबा घरात जेवायचा आणि बोलायचा नाही. वसंताच्या आधीची भट्टी भरून तयार होती, आणि एका सकाळी तो कुणालाही न सांगता पिल्सूच्या घरी गेला. दोघांचं काय बोलणं झालं ते कोलुंबाला कधीच कळलं नाही. पिल्सूशी बोलायचं तर निदान अर्ध्या गावाला ऐकू जायला हवं होतं, पण त्या दिवशी पिल्सू म्हणे हळू बोलला.

भट्टी पेटवायच्या दिवशी सगळं गाव उतारावर जमलं. बार्नाबाने जाळाच्या तोंडासमोर चटई अंथरली आणि स्वतः बाजूला उभा राहिला. पिल्सू वर आला. धुतलेला अंगरखा घालून, दम खात, हळूहळू. चटईपाशी आल्यावर तो बसला नाही, कोलुंबासमोर जाऊन उभा राहिला. तिने मान खाली घातली.

"वहिनी, रागावलो होतो," तो नेहमीसारखा ओरडून म्हणाला. "अजून आहे थोडा. रात्री राग येतो, सकाळी देवापुढं ठेवतो, रात्री परत उचलून आणतो. पण ठेवतोय. कमी होतोय."

"ठेवा, भावजी," ती म्हणाली. "मी वाट बघीन."

"पण एक सांग! माझा डोळा लागलाच नव्हता, तर मग मी इतकी वर्षं दारू कशापायी सोडली?"

आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग आगाथा फिस्सकन हसली, मग सगळा उतार हसला, आणि बार्नाबाही हसला. किती दिवसांनी! आगाथा धावत जाऊन घरून एक वाडगा घेऊन आली. पिल्सूने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि वाडगा बार्नाबाच्या हातात दिला. "शी! पार चव गेली. घे, तू पी. आणि बस इथं माझ्याशेजारी. ज्वाळा कशी वाचायची ते बघ. तुझ्या बापाला अर्धंच यायचं."

"मला तर तेवढंही येत नाही," बार्नाबा म्हणाला आणि चटईच्या कडेला बसला.

जाळ पेटला. पिल्सूचे कान गेले होते, डोळे नव्हते. तो एकेक लाकूड मागून घ्यायचा, मागे सारायचा, थांबायचा. रात्री बार्नाबाने सांभाळल्या, दिवस पिल्सूने. शेवटच्या दुपारी बाजूच्या भोकांतून बारीक लाकडं टाकायची वेळ आली, तेव्हा त्याने एका भोकाला डोळा लावला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. मग त्याने वळून हाक मारली.

"वहिनी! ये इकडं."

भट्टी पेटलेली असताना बायका तिच्याजवळ जात नसत. कुणी तिला अडवलं नाही. कोलुंबा चढून वर गेली, पदर धरावा तशी ओढणी तोंडावर धरून तिने भोकातून आत पाहिलं. पांढऱ्या उजेडात रांजण उभे होते, आणि त्यांच्या अंगावरून झिलई ओघळून लखलखत होती.

"वितळली का?" पिल्सूने विचारलं. त्याला ठाऊक होतं. तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"वितळली," ती म्हणाली.

"आँ?"

कोलुंबा भट्टीपासून वळली. सगळं गाव खाली उभं राहून तिच्याकडे बघत होतं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

"वितळली, भावजी!" ती ओरडली. "तुमचा जाळ बरोबर आहे!"